एक संध्याकाळ माझ्या गल्ल्यावर बसा

प्रति,
मुलांच्या खाण्यापिण्याच्या जाहिराती लिहिणाऱ्या, चित्रित करणाऱ्या आणि त्यांना मंजुरी देणाऱ्या सगळ्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यात, किसन नगरात किराणा मालाचं दुकान चालवते. सासरे वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होते. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा हातात आलेल्या पैशांतून त्यांनी हा दहा बाय बाराचा गाळा घेतला. ते गेल्यापासून, म्हणजे १९ वर्षं, गल्ल्यावर मी बसते. तुमची जाहिरात टीव्हीवर ३० सेकंद चालते आणि तिचं पुढे जे व्हायचं ते माझ्या दुकानात होतं. कुठल्या भागात दुधात घालायच्या पावडरीचे किती डबे गेले याचे आकडे तुमच्यापर्यंत पोचत असतील. डबा घेताना बाई काय बोलली, ते पोचत नाही. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

गेल्या जूनमधली गोष्ट. शाळा सुरू होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला एक ताई आली. पाचपाखाडीत तीन घरची कामं करते. बरोबर तिसरीतला मुलगा. यादी नेहमीचीच होती : दोन किलो तांदूळ, अर्धा किलो तूरडाळ, तेलाची पिशवी, चहा पावडर, कपड्यांचा साबण. सगळं काढून झालं, हिशेब झाला, आणि मग तिने वरच्या फळीवरच्या, दुधात घालायच्या पावडरीच्या डब्याकडे बोट दाखवलं. "तो केवढ्याला हो?" मी म्हटलं, २६५. तिने मोबाइलच्या कव्हरमागे ठेवलेल्या नोटा काढल्या, दोनदा मोजल्या आणि म्हणाली, "वहिनी, डाळ पावच करा. आणि तेल राहू दे, आहे घरात थोडं."

तोवर तिचा मुलगा दुकानाच्या लाकडी चौकटीला पाठ लावून ताठ उभा राहिला होता. टाचा टेकवलेल्या, हनुवटी वर, एक हात डोक्यावर आडवा धरलेला. तुमच्या जाहिरातीतला मुलगा उभा राहतो, अगदी तसा. "आई, बघ ना कुठपर्यंत आलो."

तिने मला विचारलं, "खरं सांगा वहिनी, किती महिन्यांत फरक पडतो?"

मी डबा उलटा करून मागचं तिला वाचून दाखवलं. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, जे सगळ्यात जास्त ते पहिलं. पहिलं होतं धान्याचं माल्ट, दुसरी साखर. शेजारच्या तक्त्यात १०० ग्रॅममागे ३० ग्रॅमच्या वर साखर. अक्षरं इतकी बारीक की चष्मा असूनही मला डबा ट्यूबलाइटखाली धरावा लागला, आणि सगळं इंग्रजीत. मग पुडी बांधायच्या कागदावर मी माझ्याच दुकानातल्या भावाने हिशेब मांडला. डझनभर अंडी ९०, अर्धा किलो शेंगदाणे ८०, किलोभर नाचणी ६०, पाव किलो गूळ १८. झाले २४८. डब्याच्या पैशांत एवढं सगळं येऊन वर १७ रुपये उरतात.

तिने सगळं नीट ऐकलं. मग म्हणाली, "हे तर आम्ही देतोच हो, जमेल तसं. पण मग मी त्याच्यासाठी वेगळं काय केलं?"

डबा तिने नेला. मी तो दिला. हेही लिहिणं भाग आहे.

तिचं ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही. अंड्यात काय असतं, नाचणीत काय असतं, हे तिला तुमच्या-माझ्याइतकंच कळतं. तिच्या आईने तिला तेच खाऊ घालून वाढवलं. पण रोज सकाळी पाचला उठून भाकरी थापून, मुलाला आंघोळ घालून, शाळेत सोडून मग तीन घरची भांडी घासायला जाणाऱ्या बाईला आपण मुलासाठी 'वेगळं' काहीच करत नाही असं वाटतं, हे तिच्या मनात कुठून आलं? तिच्या सासूने नाही घातलं. शेजारणीनेही नाही. ते तुमच्याकडून आलं. तुमच्या जाहिरातीत शाळेच्या रांगेत एक मुलगा मागे पडतो, आईचा चेहरा उतरतो, बाजूच्या उंच मुलाची आई सहज म्हणून विचारते, "तुम्ही देत नाही का त्याला?" आणि पुढच्या दहा सेकंदांत डबा येतो, हसू येतं, संगीत वाढतं. उतरलेला चेहरा तुम्हीच दाखवायचा आणि तो फुलवायची किंमतही तुम्हीच लावायची. माझ्याकडे येते ती पहिल्या दृश्यातली आई. शेवटच्या दृश्यातली आई मी १९ वर्षांत पाहिलेली नाही.

आमच्याच गल्लीत लहानाचा मोठा झालेला एक मुलगा लोअर परळच्या एका जाहिरात कंपनीत मराठी जाहिराती लिहितो. मला काकू म्हणतो, मनाने फार चांगला आहे. त्याला मी हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने मला तुमचं काम कसं चालतं ते समजावलं. आधी आईच्या मनात काय सलतंय ते शोधायचं. त्यासाठी बायकांना एकत्र बसवून तास-दोन तास बोलतं करायचं. त्यातून जे हाती लागतं त्याला 'इनसाइट' म्हणतात. मग सगळी जाहिरात त्या सलण्याभोवती बांधायची. "काकू, भीती आणि माया, या दोनच गोष्टी सगळ्यात जास्त चालतात," तो म्हणाला.

ही विद्या आजची नाही, हेही त्यानेच सांगितलं आणि मग मी वाचत गेले. जॉन वॉटसन नावाचा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होता. माणसाच्या मूळ भावना तीनच, भीती, राग आणि माया, असं त्याचं म्हणणं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्याने वर्षाच्या आतल्या एका तान्ह्या बाळावर प्रयोग केला. बाळापुढे पांढरा उंदीर सोडायचा आणि त्याच वेळी त्याच्या मागे लोखंडी गजावर हातोडा मारायचा. आधी त्या उंदराशी खेळणारं बाळ थोड्याच दिवसांत नुसता उंदीर पाहूनही रडायला लागलं. भीती शिकवता येते, हे त्याने दाखवलं. शिकवलेली भीती त्या बाळाच्या मनातून काढून टाकायचं मात्र राहूनच गेलं. हा प्रयोग छापून आला १९२० मध्ये. त्याच वर्षी वॉटसनला विद्यापीठ सोडावं लागलं आणि तो न्यूयॉर्कच्या जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरात कंपनीत दाखल झाला. पुढे तिथे मोठ्या पदावर चढला.

साधारण त्याच काळात लिस्टरीन या चूळ भरायच्या औषधाचं प्रकरण झालं. ते मुळात जंतुनाशक औषध. तोंडाच्या वासाला 'हॅलिटोसिस' हा वैद्यकाच्या पुस्तकातला शब्द उचलला, आणि आपल्या तोंडाला वास येतो म्हणून लग्न जमत नाही, मैत्रिणी दूर जातात, पण कोणी तोंडावर सांगत नाही, अशा जाहिराती केल्या. लोक स्वतःच्याच श्वासाला घाबरायला लागले आणि बाटल्या खपल्या. आजच्या डब्याच्या जाहिरातीचा सांगाडा तोच आहे. फक्त तिथे लग्नाळू मुलगी होती, इथे आई आहे.

पुढे १९७९ साली डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी मांडून दाखवलं की काहीतरी मिळण्याच्या आनंदापेक्षा तेवढंच हातचं जाण्याचं दुःख माणसाला जास्त जड जातं. माझ्या दुकानात हे रोज दिसतं. "हे प्यायलं की उंची वाढेल" या वाक्याने बाई क्वचितच पैसे काढते. "वाढीचं वय एकदा गेलं की परत येत नाही" या वाक्याने काढते. त्या ताईनेही हेच शब्द मला ऐकवले होते.

मी हे लांबून बोलत नाही. माझी मुलगी चौथीत असताना मीही तिला हेच सुरू केलं. दुकान घरचं, त्यामुळे डबा संपला की दुसरा फोडायचा. चार वर्षं रोज सकाळी दोन चमचे. आमच्याकडे मी, माझी आई, आजी, सगळ्या पाच फुटांच्या आतल्या. मुलगीही तशीच होणार हे कुणीही सांगितलं असतं. सातवीत असताना एकदा कवायतीच्या रांगेत तिला सगळ्यात पुढे उभं केलं. घरी येऊन दप्तर न काढताच ती मला म्हणाली, "आई, मी रोज पिते ना, मग वाढत का नाही? माझ्यात काही बिघाड आहे का?"

बारा वर्षांच्या मुलीने जाहिरातीवर शंका घेतली नाही, पावडरीवरही घेतली नाही. दोष स्वतःत शोधला. आज ती नर्सिंगचं शिक्षण पूर्ण करून कामाला लागली आहे, धडधाकट आहे, कुणाच्या उंचीला विचारत नाही. पण तिचा त्या दिवशीचा चेहरा मी विसरलेले नाही, आणि तो डबा तिच्या हातात मीच दिला होता.

आता मुलांविषयी. दहा रुपयांच्या पाकिटांची लडी कुठे टांगायची हे सेल्समन स्वतः दाखवतो. शटरच्या बाजूला, खाली, सहा-सात वर्षांच्या पोराच्या डोळ्यांसमोर येईल अशी. तशी टांगली की महिन्याला डिस्प्लेचे थोडे पैसे मिळतात. पाकिटावर कार्टून, आत एखादं स्टिकर. मूल हट्ट करतं, आई रागावते, मूल रस्त्यात बसतं, आणि दमून आलेली बाई शेवटी दहाची नोट काढते. तुमच्यात याला 'पेस्टर पॉवर' असं नाव आहे म्हणे. पोराच्या रडण्याला शक्ती म्हणून मोजायचं आणि ती आईच्या विरोधात वापरायची, हे मला कितीही समजून घेतलं तरी पटत नाही. समोरचा आपल्याला काहीतरी विकायला बघतोय, ही समज साधारण आठ वर्षांपर्यंत मुलांना नसतेच, असं अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अभ्यासगटाने २००४ मध्येच सांगितलं आहे. त्यांच्या दृष्टीने कार्टून म्हणजे मित्र, आणि मित्र सांगतो ते खरं. स्वीडनमध्ये १९९१ पासून १२ वर्षांखालच्या मुलांना उद्देशून टीव्हीवर जाहिरात करता येत नाही. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात तर १९८० पासून १३ वर्षांखालच्या मुलांसाठी तसा कायदा आहे. तिथली दुकानं काही बंद पडली नाहीत.

आपल्याकडे नियमच नाहीत असं मला वाटायचं. तसं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे आणि त्याने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात मुलांच्या जाहिरातींचा वेगळा भाग आहे. पुरेसा शास्त्रीय पुरावा नसताना एखाद्या वस्तूने बुद्धी किंवा शारीरिक क्षमता वाढते असा दावा करायचा नाही. मुलांच्या मनात स्वतःच्या शरीराविषयी कमीपणा येईल असं काही दाखवायचं नाही. आणि मूल घरी जे नैसर्गिक किंवा पारंपरिक अन्न खातं, त्यापेक्षा आपली वस्तू सरस आहे असा भाससुद्धा निर्माण करायचा नाही. ही तिसरी ओळ मी तीन-तीनदा वाचली. नाचणीची भाकरी, शेंगदाण्याचा लाडू, उकडलेलं अंडं, यांची बाजू कुणीतरी कायद्याच्या भाषेत घेतली आहे आणि ते माझ्या गल्लीत कुणालाच माहीत नाही.

त्याच तत्त्वांत असंही आहे की खुलाशाची ओळ दाव्याच्याच भाषेत आणि त्याच अक्षरांत हवी, आणि दावा आवाजात असेल तर खुलासा त्याच्याबरोबर, त्याच वेगाने दिसला पाहिजे. आज रात्री टीव्ही लावून बघा. आवाज मराठीत "उंची" म्हणतो आणि तळाशी मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांची ओळ दोन सेकंदांत निघून जाते. 'संतुलित आहाराचा भाग म्हणून' हे शब्द त्या ओळीत असतात. म्हणजे संतुलित आहार आधी हवाच. ज्या बाईने डाळ पाव किलोवर आणून तो डबा घेतला, तिच्यासाठी सगळ्या जाहिरातीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच होतं आणि तेच तिला वाचता येणार नाही अशा तऱ्हेने लिहिलेलं होतं.

खोट्या जाहिरातीला पहिल्यांदा १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. एप्रिल २०२४ मध्ये सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्या संकेतस्थळांना ही पेयं 'हेल्थ ड्रिंक' या नावाखाली ठेवू नका असंही कळवलं, कारण २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' असा प्रकारच नाही. पण माझ्याकडे येणाऱ्या बायका आजही "ते ताकदीचं द्या" असंच म्हणतात. छापलेला शब्द काढता येतो. मनात घातलेला कसा काढणार?

तुम्ही म्हणाल, जाहिरातीत भावना नको तर काय, नुसते तक्ते वाचून दाखवायचे? मी असं म्हणत नाही. पोलिओच्या डोसाची मोहीम माझ्या डोळ्यांदेखत झाली. रविवारी आमच्या गणपती मंडळाच्या मंडपात बूथ लागायचा. सुरुवातीला घराघरांतून मुलं लपवायचे, हे मी पाहिलंय. मग टीव्हीवर अमिताभ बच्चन रागावून सांगायला लागले, आणि माझ्याच गल्लीतल्या बायका कडेवर पोरं घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. ती जाहिरातही भीती आणि मायेवरच उभी होती. पण भीती खऱ्या रोगाची होती, डोस फुकट होता, आणि देशातला शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत सापडल्यावर २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. अंड्यांची ती जुनी जाहिरात आठवते ना, रविवार असो की सोमवार, रोज अंडी खा म्हणणारी? ती पाहून कुठल्याही आईला आपण कमी पडतोय असं वाटलं नाही. हसत-खेळत लोकांना अंड्यांची सवय लावली. तुमच्या हातात ही ताकद आहे, ती मी नाकारत नाही. तिच्यापायीच तर हे पत्र लिहायला बसले.

आणखी एक उत्तर मला नेहमी मिळतं : "ग्राहक हुशार आहे, त्याला काय घ्यायचं ते कळतं." हुशार आहेच. पण संध्याकाळी साडेसहाला, चौदा तास उभं राहून, कडेवर एक आणि हाताशी एक पोर घेऊन आलेल्या बाईच्या हुशारीची परीक्षा घ्यायला तुम्ही वर्षभर माणसं नेमता, तिच्याच मनात उतरून तिचा हळवा कोपरा शोधता. ही लढत बरोबरीची नाही.

तुमच्याकडे माझं मागणं फार मोठं नाही. जाहिरातीतल्या आईचा चेहरा उतरवू नका. तिच्या डोळ्यांत अपराधीपणा आणून मग डबा पुढे करू नका. मुलाला भिंतीला उभं करून मापू नका. खुलाशाची ओळ मराठीत, मोठ्याने, दाव्याच्याच आवाजात बोला. आणि तुमच्या क्षेत्रानेच १९८५ साली उभी केलेली भारतीय जाहिरात मानक परिषद आहे, तिच्या बैठकीत कधीतरी किसन नगर, कळवा, मुंब्रा, दिघा इथल्या आयांना बोलावून बसवा. इनसाइटसाठी बोलावता, तसंच निर्णयासाठीही बोलवा.

वाचकांपैकी कुणाला तक्रार करायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. मी तो दुकानात वजनकाट्याच्या वर मोठ्या अक्षरांत चिकटवला आहे.

माझ्या बाजूने मी काय केलं तेही सांगते. त्या पावडरीवर मला सुटणारे पैसे मी इतकी वर्षं घेतले आहेत, आजही घेते, कारण ती ठेवली नाही तर गिऱ्हाईक चार पावलांवरच्या दुकानात जातं आणि डाळ-तांदूळही तिथूनच नेतं. पण जुलैपासून लड्या मी खालून काढून माझ्या डोक्याच्या वर टांगल्या आहेत. सेल्समनने दोनदा सांगून पाहिलं, मग डिस्प्लेचे पैसे बंद केले. खाली त्या जागी आता फुटाणे, शेंगदाणे आणि राजगिऱ्याच्या लाडवांच्या बरण्या आहेत. पोरं त्याही मागतात. हट्ट तेवढाच करतात, पण आई दहा रुपये काढताना कपाळाला आठ्या घालत नाही.

वॉटसनबद्दल वाचताना एक गोष्ट कळली. जाहिरातीत आल्यावर धंदा समजून घ्यायला तो न्यूयॉर्कच्या मेसीज या मोठ्या दुकानात काही दिवस विक्रेता म्हणून उभा राहिला होता. लोक काय बघून खरेदी करतात ते त्याला पाहायचं होतं. तुम्हीही या. एकच संध्याकाळ, सहा ते नऊ. मी गल्ल्याशेजारी स्टूल टाकते, चहा सांगते. तुम्ही काही बोलायचं नाही, कुणाला काही विचारायचं नाही. कुणी तो डबा मागितला की तिने यादीतून काय कमी केलं तेवढं लिहून ठेवा. किसन नगरच्या बस स्टॉपवर उतरून वहिनींचं किराणा दुकान कुठे म्हणून कुणालाही विचारा, लहान पोरंसुद्धा आणून सोडतील. सोमवारी दुकान बंद असतं.

आपली,
किसन नगरातली एक दुकानदार आणि एका मुलीची आई